परसबाग : आवळीस सोबत हवी

हट्ट्याहून एका भगिनीचे पत्र आले आहे. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या यजमानांनी रोपवाटिकेतून आवळीचे एक कलम आणून अंगणाच्या कोपऱ्यात लावले. झाड उत्तम वाढले. दर फाल्गुनात ते बारीक पिवळसर फुलांनी डवरते, खाली फुलांचा सडा पडतो. परंतु फळ मात्र बोटावर मोजण्याइतकेही धरीत नाही. "झाड वांझ आहे, तोडून टाका," असे शेजारीपाजारी म्हणू लागले आहेत. तेव्हा तोडावे काय, असा त्यांचा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटी त्यांनी सहज म्हणून आणखी एक ओळ लिहिली आहे, आणि आम्हांस ती प्रश्नाहूनही अधिक महत्त्वाची वाटली. सासूबाईंच्या वेळी रानातून टोपल्या भरभरून आवळे घरी येत. आता मोरावळ्यापुरते आवळेही बाजारातून तोलून आणावे लागतात, असे त्या लिहितात.

ह्या दोन तक्रारी वरवर पाहता निराळ्या आहेत. परंतु दोहोंवर उपाय एकच आहे, आणि तो बाईंच्या अंगणातच करता येण्याजोगा आहे.

झाड तोडू नये. ते वांझ नाही, एकटे आहे. येत्या फाल्गुन-चैत्रात आवळीच्या डहाळीकडे जरा जवळून पाहावे. चिंचेच्या पानासारखे जे आपणांस दिसते ते वस्तुतः एक पान नसून एक हंगामी डहाळी आहे. तिच्या दोन्ही बाजूंस इवलीइवली पाने लागलेली असतात, आणि हिवाळा सरता सरता ती डहाळी पानांसकट गळून जाते. फुले येतात ती वसंतात फुटणाऱ्या नव्या डहाळ्यांवर. डहाळीच्या बुडाकडे नरफुलांचे दाट झुबके असतात आणि शेंड्याकडे मोजकी मादीफुले. म्हणजे जमिनीवर जो सडा पडतो तो बहुतांशी नरफुलांचा असतो, व त्याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. खरी अडचण निराळीच आहे. आवळीच्या बहुतेक जातींत मादीफुलास आपल्याच झाडाचा पराग चालत नाही. वारा आणि मधमाश्या पराग आणून देतात खऱ्या, पण तो दुसऱ्या, रक्ताने निराळ्या अशा आवळीचा असावा लागतो. आपणही एका कुळात सोयरीक करीत नाही. आवळीचा नियम त्याहूनही कडक आहे. पत्रलेखिकेच्या अंगणाच्या आसपास दुसरी आवळी नसेल, तर त्या झाडाने कितीही फुलावे, फळ धरणार कोठून?

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्या अज्ञानामुळेही पुष्कळ झाडे उगाच कुऱ्हाडीखाली गेली आहेत. चैत्रात फळ धरले, तरी ते त्या वेळी डोळ्यांस दिसत नाही. धरलेले फळ जवळजवळ टाचणीच्या डोक्याएवढे राहून निजते. सारा उन्हाळा ते तसेच डहाळीस चिकटून असते, आणि पावसाळा नीट लागल्यावर, आषाढ-श्रावणात, ते वाढीस लागते. म्हणून मे महिन्यात आवळी पाहून "यंदाही काही नाही" असा निकाल देऊ नये. निकाल द्यावयाचा तर पोळ्याच्या सुमारास द्यावा. त्या वेळीही फांद्या रिकाम्याच असतील, तर मात्र सोबतीण नाही असे खुशाल समजावे.

सोबतीण कोणती आणावी? पुष्कळ लोक येथे चुकतात. ते त्याच रोपवाटिकेत जातात आणि त्याच जातीचे आणखी एक कलम घेऊन येतात. पण एका जातीची चार कलमे लावली, तरी ती एकाच झाडाची चार शरीरे होत. त्यांचा पराग परस्परांस परकाच नाही. जात बदलली पाहिजे. आज आपल्याकडे जी कलमे मिळतात त्यांची वंशावळ मोठी नाही. बनारसी, चकैया आणि फ्रान्सिस ह्या उत्तर प्रदेशातील तीन जुन्या जाती. कुमारगंज येथील आचार्य नरेंद्रदेव कृषि विद्यापीठाने त्यांच्यापासून नव्या जाती निवडल्या : बनारसीपासून कृष्णा, चकैयापासून कांचन, आणि फ्रान्सिसच्या बियांपासून झालेल्या रोपांतून एन. ए. ७, जिला नीलम असेही म्हणतात. कलमाच्या चिठ्ठीवर ह्यांपैकी जे नाव असेल, त्याहून निराळ्या नावाचे झाड शेजारी असले म्हणजे काम भागते.

परंतु दुसरे कलम विकत आणण्यापूर्वी हट्ट्याच्या माणसाने एकदा रानाकडे पाहावे, असे आमचे मत आहे.

हट्ट्याचे नाव काढले की लोकांस तेथील जुनी दगडी बावडी आठवते. पण बालाघाट जिल्ह्याचे खरे वैभव म्हणजे त्याचे रान. वैनगंगेच्या काठची सपाट जमीन भाताची, आणि ती सोडून वर चढू लागले की साजा, धावडा, तेंदू, मोह, चार, हिरडा, बेहडा असे मिश्र रान सुरू होते. आवळी ह्याच मंडळींतली. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे जिल्हे एकीकडे गेले व बालाघाट मध्यप्रदेशात राहिला; रानाला मात्र त्या रेषेची कल्पना नाही, आणि गोंदियाकडील आवळी व हट्ट्याकडील आवळी ह्या सख्ख्या बहिणीच आहेत. ही रानआवळी कोणी लावलेली नाही. तिचे फळ लहान, पुष्कळदा सुपारीएवढेच. आठळी मोठी, गर थोडा, तुरटपणा अधिक. बाजारातील टपोऱ्या आवळ्यापुढे ती गरीब दिसते. परंतु ती बियांपासून वाढलेली असल्यामुळे तिचे प्रत्येक झाड दुसऱ्याहून निराळे असते. कोणते लवकर पिकते, कोणते माघापर्यंत फळ धरून ठेवते. कोणाच्या गरात दोरे फार, कोणाच्या कमी. कोणी बरड जमिनीत, जेथे गवतही धड येत नाही तेथे, दरवर्षी लगडते. रोपवाटिकेतील सारी विविधता मिळून चार-सहा नावांची. रानातील नावाशिवायची, आणि अमाप.

ह्या झाडाची ओळख बाहेरच्यांनाही फार जुनी आहे. गोव्यात १५६३ साली छापलेल्या गार्सिया द ऑर्टाच्या औषधींवरील ग्रंथात हिरडा-बेहड्यांच्या जोडीने आवळ्याची चर्चा आहे. पुढे मलबारच्या वनस्पतींवर ॲमस्टरडॅम येथे जो मोठा सचित्र ग्रंथ निघाला, त्याच्या १६७८ च्या पहिल्या खंडात आवळीचे चित्र आहे; त्या ग्रंथाच्या आरंभीच्या कामास मॅथ्यू नामक एका कार्मेलाइट धर्मगुरूंचे साह्य झाले होते. इंग्रजांनी मात्र तिला आपल्या देशातील एका काटेरी झुडपाचे नाव चिकटवले, ज्याच्याशी तिचे नातेगोते काहीही नाही. तिची खरी नातलग पाहावयाची तर श्रावणात अंगणात उगवणारी भुईआवळी उपटून पाहावी. पानांची तीच ठेवण, आणि पानांखाली मोहरीएवढ्या आवळ्यांची तीच रांग!

आता पत्रातील दुसऱ्या ओळीकडे वळू. रानातून येणाऱ्या टोपल्या का आटल्या?

रानात आवळीची रोपे कशी होतात ते प्रथम पाहावे. राजाजी राष्ट्रीय उद्यानात ह्याचा अभ्यास करून काही संशोधकांनी २००४ साली तो प्रसिद्ध केला. तेथे असे दिसले की आवळे खाऊन त्यांच्या आठळ्या दूरवर पसरविणारे मुख्य प्राणी म्हणजे चितळ, भेकर व वानर. चितळ पडलेला आवळा सबंध गिळते, मग सावलीत बसून रवंथ करताना कठीण आठळी तोंडातून बाहेर टाकते. गर निघालेली आठळी उन्हात तडकते, बी उडते, आणि पावसाळ्यात झाड जन्मास येते. कान्हाचे रान अर्धे आपल्याच जिल्ह्यात आहे. हा माळी आपल्यासही परका नाही. पण माळ्याच्या हाती फळ पडावयास ते झाडावर पिकावे लागते. नेमके तेच आता होत नाही. रानातील आवळीवर कोणा एकाची मालकी नसल्यामुळे जो आधी जाईल त्याचे फळ, असा प्रकार झाला. कार्तिकात पिकावयाचे फळ आश्विनातच झोडपले जाऊ लागले. आणि झोडपण्यास वेळ लागतो म्हणून सबंध फांद्याच तोडून खाली बसून वेचण्याची रीत पडली. कच्च्या फळातील बी उगवत नाही. तोडलेली फांदी पुढे काही वर्षे फुलत नाही. झाड उभे दिसते, पण त्याचा वंश तेथेच थांबतो. वेचणारी माणसे गरीब असतात, व्यापारी सुकलेल्या आवळकाठीचा भाव मणाने करतो, फळ पिकले होते की नव्हते हे विचारीत नाही. दोष वेचणाऱ्या हातांनाच देऊन मोकळे होणे आम्हांस न्यायाचे वाटत नाही. परंतु परिणाम व्हावयाचा तो झाला आहे.

तेव्हा रानातील चार चांगल्या झाडांचे बी आपल्या परसात आणून वाढविणे, हे काम आता आपल्यावर आले आहे. त्यातच अंगणातील एकाकी कलमास सोबतीणही मिळते.

झाडाची निवड फळांच्या दिवसांत करावी, रोपांच्या दिवसांत नव्हे. मार्गशीर्ष-पौषात रानात जाणाऱ्या जाणत्या माणसाबरोबर जावे. गावातील एखादी गोंड आजी ह्या बाबतीत कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक सांगू शकेल. भरपूर लगडलेले, निरोगी, आणि चव बरी असे झाड हेरून ठेवावे. एकच नव्हे, परस्परांपासून दूर अशी तीन-चार झाडे हेरावी. कारण फुलण्याच्या वेळा थोड्या मागेपुढे असतात, आणि सोबतीण अशी हवी की जी आपल्या कलमाबरोबर फुलते. वनउपज गोळा करण्याविषयी २००६ च्या वनाधिकार कायद्याने रानात पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्यांस हक्क दिले आहेत. इतरांनी ग्रामसभेस किंवा वनसमितीस विचारून मूठभर फळे घ्यावी. राखीव उद्यानातून काडीही आणू नये.

बियांसाठी फळ पूर्ण पिकलेले हवे. हिरवा रंग जाऊन पिवळसर, किंचित पारदर्शक छटा आली म्हणजे पिकले. पौष-माघात झाडावर उरलेली फळे ह्या कामास उत्तम. गर चटणीस किंवा लोणच्यास घ्यावा. उरलेली आठळी जशीच्या तशी मातीत पुरणे, ही सर्वांत सार्वत्रिक चूक होय. "मी वीस आठळ्या लावल्या, एक उगवली नाही," असे सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हेच केलेले असते. त्या कवचाच्या आत तीन कप्पे असतात व प्रत्येकात दोन, अशी सहा बारीक तपकिरी बिये असतात. आठळ्या स्वच्छ धुऊन सुपात पसराव्या, वरून पातळ फडके बांधावे आणि कडक उन्हात ठेवाव्या. दोन-चार दिवसांत त्या तडतड फुटतात. फडके नसेल तर बी अंगणभर उडते आणि कोंबड्या ते टिपून घेतात. मुलांना हे काम फार आवडते. फुटण्याचा आवाज ऐकत ती तासन्‌तास सुपाशी बसून राहतात.

मिळालेले बी पाण्यात टाकावे. तरंगेल ते पोकळ, फेकून द्यावे. बुडेल ते रात्रभर भिजवावे. हे बी फार काळ टिकत नाही, म्हणून पुढच्या सालासाठी डब्यात भरून ठेवू नये. फाल्गुन-चैत्रात सावलीच्या वाफ्यात, किंवा पाण्याची ओढ असेल तर मृगाच्या सुमारास पेरावे. माती, वाळू व जुने कुजलेले शेणखत सारख्या भागांनी मिसळून वाफा चार बोटे उंच करावा. बी नखाएवढे खोल टाकावे, वर पेंढा पसरावा, झारीने पाणी द्यावे. दोन ते तीन आठवड्यांत कोंब दिसू लागतात. सगळी बिये उगवतील अशी अपेक्षा ठेवू नये. चार बोटे उंचीची रोपे झाली की सशक्त तेवढी पिशव्यांत घ्यावी. तुळशीएवढ्या रोपाचीही मुळी मात्र सरळ खाली जाते, म्हणून पिशवी अरुंद पण खोल असावी, आणि वर्षाहून अधिक काळ रोप तीत ठेवू नये. मुळी पिशवीच्या तळाशी गुंडाळली, की ते झाड पुढे बरड जमिनीत उभे राहत नाही.

बरड जमिनीसाठी ह्याहून बरी अशी एक रीत आहे. कायमच्या जागीच खड्डा तयार करून त्यात तीन-चार बिये पेरावी, एक रोप राखून बाकीची काढून टाकावी. मुळी कोणी न दुखविल्यामुळे सरळ खोल जाते आणि दुसऱ्या उन्हाळ्यानंतर झाड पाणी मागत नाही. पुढे त्यावरच डोळा भरता येतो.

बियांपासून झालेली आवळी सहा-आठ वर्षांनी फुलू लागते. "इतके दिवस कोण थांबेल?" असे कोणी म्हणेल. त्यासाठी डोळा भरण्याची कला आहे. फांदी टोचून आवळी लागते अशा समजुतीत राहू नये. छाट कलमास मुळ्या क्वचितच फुटतात, आणि गुटीचाही भरवसा नाही. डोळा मात्र चांगला जमतो. ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत, झाडात रस वाहता असताना, हे काम करावे.

ज्या झाडाचा वंश हवा त्याची यंदा फुटलेली, पेन्सिलीएवढ्या जाडीची सरळ काडी घ्यावी. मघाशी सांगितलेल्या गळून जाणाऱ्या हंगामी डहाळीवरील डोळा घेऊ नये. तो फांदी धरीत नाही. हंगामी डहाळ्या जेथून निघतात त्या मुख्य काडीच्या गाठीवरील डोळा, फुगलेला पण न फुटलेला, असा हवा. काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणावी व त्याच दिवशी वापरावी. खुंटरोप सहा महिने ते वर्षाचे, तितक्याच जाडीचे असावे. जमिनीपासून वीतभर उंचीवर खुंटाच्या सालीचा सुमारे दोन सेंटिमीटर लांब व एक सेंटिमीटर रुंद असा चौकोनी तुकडा धारदार चाकूने उचलावा, आणि काडीवरून डोळ्यासह बरोबर तेवढाच तुकडा काढून तेथे बसवावा. खिडकीत फळी बसवितात तसा तो घट्ट बसला पाहिजे. सालीच्या आतल्या ओल्या बाजूस बोट लावू नये. डोळा उघडा ठेवून वरून-खालून प्लास्टिकच्या पट्टीने आवळून बांधावे. तीन आठवड्यांनी पट्टी सोडून पाहावी. तुकडा हिरवा असेल तर जमले. मग खुंटाचा शेंडा डोळ्याच्या वर चार बोटे ठेवून कापावा. काळा पडला असेल तर खुंटाच्या दुसऱ्या बाजूस पुन्हा भरावा. पुढे खुंटाला खालून जे धुमारे फुटतील ते दर आठवड्यास खुडावे, नाहीतर ते डोळ्याचा घास पळवितात. कलम केलेले झाड तीन-चार वर्षांत फळ दाखवू लागते. पहिल्या काही प्रयत्नांत निम्मे डोळे गेले तरी हिरमुसू नये. हात बसावा लागतो. जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषि विश्वविद्यालयाचे कृषिविज्ञान केंद्र आपल्या जिल्ह्यात आहे. तेथे जाऊन एकदा प्रत्यक्ष डोळा भरताना पाहिले, तर ह्या दोन परिच्छेदांहून अधिक समजेल.

पत्रलेखिकेस सर्वांत जवळची वाट ह्यातूनच निघते. त्यांचे कलम मोठे झाले आहे. त्याच्या एका बाहेरच्या फांदीस माघात कोपराएवढे खुंट ठेवून कापावे, त्यावर येणाऱ्या धुमाऱ्यांतील दोन राखावे, आणि पावसाळ्यात त्यांवर रानातील दोन निरनिराळ्या झाडांचे डोळे भरावे. दोन-तीन वर्षांत ती एक फांदी रानाची फुले फुलवील, आणि शेजारच्या फांद्यांना पराग पुरवील. एकाच बुंध्यावर माहेर आणि सासर! पाच-सहा हात सोडून बियांची दोन रोपेही लावून ठेवावी, असे नाही. ती मात्र वीस-पंचवीस फूट दूर हवी, कारण आवळी मोठी झाली म्हणजे फांद्या पसरते.

जागेविषयी थोडेसेच. भंडारा-बालाघाटकडील शेतकरी जमिनीस ज्या नावांनी ओळखतो त्यांतील सिहार व बरड ह्या आवळीस मानवतात, मोरंडही चालते. कन्हार काळी, पावसाळ्यात पाणी धरून ठेवणारी, तेथे लावू नये. धानाच्या बांध्यांत तर नकोच. धुऱ्यावर लावावयाची असेल तर धुरा रुंद व उंच हवा. खड्डा उन्हाळ्यात काढून तापू द्यावा : चांगल्या मातीत दोन फूट, मुरमाड जागी तीन फूट. आषाढात लावावे. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा पाणी आणि आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन, एवढी सेवा पुरे. फुलोऱ्याच्या वेळी पाणी देऊ नये. आवळीचे लाकूड कडकड मोडणारे असते, म्हणून पहिल्या तीन वर्षांत कमरेच्या उंचीपासून चारी दिशांस चार फांद्या राखून बाकीच्या काढाव्या. लगडलेल्या फांदीला बांबूचा टेकू द्यावा.

खोडावर लाकडाच्या भुशाचे जाळे दिसले तर साल खाणारी अळी आहे. जाळे खरवडून भोकात तार घालावी, रॉकेलचा बोळा कोंबून वर माती लिंपावी. फ्रान्सिस जातीचे फळ आतून काळे पडते, ते बहुधा बोरॉनच्या उणिवेने. भाद्रपद-आश्विनात लिटरमागे सहा ग्रॅम टाकणखार पाण्यात विरघळवून पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा फवारावा. रानआवळीस हा त्रास सहसा पाहावा लागत नाही.

लहान रानफळ घेऊन काय करावयाचे, असे टपोऱ्या आवळ्याची सवय झालेल्या गृहिणी विचारतील. मोरावळ्यास मोठे फळच बरे, हे खरे. परंतु मीठ लावून सुकविण्यास, आवळकाठीस, चूर्णास व तेलास लहान फळ काही कमी नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकांत शंभर ग्रॅम आवळ्यात ६०० मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व दिले होते आणि संत्र्यात ३०. २०१७ च्या नव्या कोष्टकांत आवळ्याचा आकडा अडीचशेच्या आसपास आला आहे. फळाफळांत इतका फरक पडतो. नवा आकडा धरला, तरी घरात मुलाबाळांसाठी वर्षभर पुरणारे, आणि पैसे न पडणारे असे दुसरे फळ आम्हांस ठाऊक नाही. छाटलेल्या फांद्याही फेकू नयेत. गढूळ विहिरीत आवळीच्या फांद्या टाकून पाणी निवळविण्याची जुनी रीत आपल्याकडे आहेच.

तोडणी हाताने, शिडीवरून करावी. झोडपलेला आवळा डागतो आणि मोरावळ्यात काळा पडतो. सारी फळे एकदम उतरवू नयेत. झाडावर राहिलेला आवळा माघापर्यंत बिघडत नाही, म्हणून लागतील तसे काढावे, आणि शेंड्यावरची शेवटची पाच-पन्नास फळे बियांसाठी सोडावी. त्यांची रोपे झाली की पिशवीवर कोणत्या रानातल्या कोणत्या झाडाचे बी ते खुणेसाठी लिहावे : नाल्याकाठचे, टेकडीवरचे, उशिरा पिकणारे. शेजाऱ्याने रोप मागितले, तर आपल्याकडे ज्याचे झाड आधीच आहे त्याचे देऊ नये. दुसऱ्या झाडाचे द्यावे, म्हणजे दोन्ही अंगणांतील आवळी परस्परांच्या उपयोगी पडतील.